दिवेलागण झाली की तिला दिसत नव्हतं



संध्याकाळची वेळ आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणाची धार काढायची राहिली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं असू द्या. आज आम्ही आमच्याच बचत गटाची एक चूक तुम्हाला सांगणार आहोत. जिच्या बाबतीत ती झाली, ती आमची मैत्रीण. तिला विचारून, तिच्या परवानगीनं सांगतोय. नाव मात्र घेणार नाही, कारण तिची लेक अजून शाळेत जाते.

आमच्या गटात बारा जणी आहेत. बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला, संध्याकाळी सात वाजता, समाजमंदिरात. गैरहजर राहिलं की दहा रुपये दंड. नियम आम्हीच केलेला. ही मैत्रीण उन्हाळ्यात लेकीचा हात धरून यायची, पण दिवाळीपासून होळीपर्यंतच्या बैठका हमखास चुकवायची. विचारलं तर कधी पाहुणे आले, कधी पोराला ताप. आम्ही दंड लावत गेलो. दोन-तीन वर्षांत अकरा बैठका चुकल्या, एकशे दहा रुपये झाले. तिनं ते मुकाट्यानं भरले. आम्ही आपसात म्हणायचो, हिला गटाची गोडीच नाही. एका लग्नात वाढताना तिचा पाय लागून ताकाची बादली उपडी झाली, तेव्हा तिला वेंधळी म्हणालो. शेजारून हात हलवला तरी बघत नाही, म्हणून गर्विष्ठही म्हणालो.

मग एका बैठकीत तिचा कर्जाचा अर्ज आला. रक्कम ऐंशी हजार. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते, ‘डोळ्याचं इंजेक्शन’.

त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं, की दिवेलागण झाली की तिला दिसत नाही. लहानपणापासून तिला अंधारात कमीच दिसायचं. लग्नानंतर ते वाढत गेलं. आता दिवसासुद्धा समोरचं दिसतं, पण बाजूचं दिसत नाही. घरात सांगायची सोय नव्हती. सासू म्हणायची, ‘पोरीत खोट होती, भावानं लपवली.’ एका शहरातल्या दवाखान्याचा माणूस त्यांना भेटला होता. स्टेम सेलचं इंजेक्शन, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, नजर परत येणार, खर्च तीन लाख. ऐंशी हजार गटाकडून घ्यायचे आणि बाकीच्यासाठी वीस गुंठे गहाण ठेवायचे, असं घरात ठरलं होतं.

आता काय करायचं? नाही म्हणावं, तर आमच्यामुळं हिची नजर गेली असं जन्मभर वाटणार. हो म्हणावं, तर जमीन जाणार, आणि नजर येईल की नाही ते सांगणारं कुणी नाही. आम्ही ठरवलं, एक महिना थांबायचं. आमच्यातल्या दोघींनी तिच्याबरोबर जायचं आणि नीट विचारून यायचं. त्या महिन्यात जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतोय.

पहिल्यांदा गेलो आशाताईंकडं. त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. रातांधळेपणा म्हटलं की आधी ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता बघायची. म्हणून तर सरकार बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा १ लाख युनिटांचा डोस देतं आणि पुढं पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाखांचा. गरोदरपणातही काही बायकांना या कमतरतेनं रात्री दिसेनासं होतं. हा रातांधळेपणा औषधानं आणि आहारानं बरा होतो. पण आमच्या मैत्रिणीचा त्रास लहानपणापासूनचा. शेवगा, पपई, गाजर सगळं खाऊन झालेलं. शिवाय तिचा भाऊ कारखान्यात रात्रपाळीला जाताना दोनदा सायकलवरून पडला होता. आशाताई म्हणाल्या, ‘भावाबहिणीला एकच त्रास असेल तर मोठ्या डॉक्टरांना दाखवा.’

मग जिल्हा रुग्णालय, आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाहुलीत थेंब टाकून आतला पडदा बघितला. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला हा पडदा असतो. बाहेरचं चित्र त्याच्यावर उमटतं. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. काडीच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात आणि बाजूचं बघायला लागतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या भर उजेडात, रंग ओळखायला आणि बारीक बघायला लागतात, म्हणजे सुईत दोरा ओवायला, तांदूळ निवडायला. आमच्या मैत्रिणीच्या काडीपेशी हळूहळू मरत होत्या. म्हणून आधी रात्रीचं गेलं, मग कडेचं गेलं. आता ती पाइपाच्या तुकड्यातून बघावं तसं बघते. पाइपात जेवढं येईल तेवढं स्वच्छ दिसतं. शेजारून हात हलवणारी आम्ही त्या पाइपाच्या बाहेर होतो. ताकाची बादलीही बाहेरच होती.

या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. डॉक्टर थोडक्यात आरपी म्हणतात. नाव परकं वाटलं तरी आजार आपल्याकडचाच आहे. नागपूरकडच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या सुमारे ४,७०० माणसांचे डोळे तपासले गेले होते. त्याचा निष्कर्ष २०१२ साली छापून आला. त्यात सुमारे ७५० माणसांमागे एकाला हा आजार निघाला. जगभरात साधारण ४,००० माणसांत एक असं धरतात. म्हणजे आज हे बोलणं ऐकणाऱ्या गावांतही अशी कुणी ना कुणी असेल, आणि तिला कुणीतरी वेंधळी म्हणत असेल.

आता ‘खोट’ या शब्दाबद्दल. आमच्या मैत्रिणीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आपल्याकडं मामाची मुलगी करतात, तसं हे लग्न झालेलं. आत्याही त्या दिवशी बरोबर आली होती, भांडायच्या तयारीनंच. डॉक्टरबाईंनी कागद घेतला आणि दोन माणसं काढली.

त्या म्हणाल्या, शरीराची प्रत्येक गोष्ट कशी घडवायची याची जणू लेखी सूचना प्रत्येक पेशीत असते. तिला जनुक म्हणतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली आणि दुसरी चांगली असली, तर या प्रकारच्या आजारात काही बिघडत नाही. माणूस ठणठणीत राहतो, फक्त ती चूक पुढं नेतो. त्याला वाहक म्हणतात. पण आई आणि बाप दोघंही त्याच चुकीचे वाहक असले, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्ही चुकीच्या प्रती मिळतील आणि आजार होईल. एकाच घराण्यात सोयरीक केली, की दोघांकडं तीच चूक असण्याचा संभव वाढतो, कारण ती एकाच आजा-पणजाकडून आलेली असते. आमच्या मैत्रिणीच्या आईवडिलांचं लग्नही नात्यातलंच होतं.

आत्या बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘ती माझ्या भावाचीच लेक. म्हंजे माझ्यातबी असंल की.’

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘असू शकतं. असलं तरी त्यात तुमचा दोष नाही आणि हिचाही नाही.’

त्या दिवसापासून घरात ‘खोट’ हा शब्द बंद झाला. मैत्रिणींनो, एवढ्यासाठी तो प्रवास केला असता तरी चाललं असतं.

आरपी सगळ्या घरांत एकाच वाटेनं येत नाही, हेही सांगायला हवं. काही घराण्यांत एकच चुकीची प्रत पुरते. तिथं आजारी आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. काही घराण्यांत चूक आईच्या एक्स गुणसूत्रावर असते. तिथं आईला स्वतःला बहुधा फारसा त्रास नसतो, पण प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता असते. अशा घरात मुलाचा आजार कळला की सगळे आईकडं बोट दाखवतात. आपण कुठली प्रत द्यायची हे कुठल्याच आईच्या हातात नसतं. आणि आजार असलेल्या माणसाला ऐकायलाही कमी येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोळे आणि कान दोन्हींवर परिणाम करणारा एक प्रकार आहे, त्याला अशर सिंड्रोम म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. याला उपचार आहे का?

आम्हीही हाच प्रश्न विचारला. डॉक्टरबाईंनी हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर दिलं नाही. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करणारं औषध आज कुणाकडंही नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. आमच्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, ‘आता जे करता येतं ते ऐका.’

एक. आरपी असलेल्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर होतो. त्याची शस्त्रक्रिया करता येते. कडेची गेलेली नजर तिनं येत नाही, पण मधली जी उरली आहे ती स्वच्छ होते आणि उन्हात डोळे दिपणं कमी होतं. दोन. काही जणांच्या पडद्याच्या मधोमध सूज येते आणि वाचायची नजर अंधुक होते. ती सूज ओसीटी नावाच्या तपासणीत दिसते. तिच्यावर थेंब आणि गोळ्या आहेत, आणि बऱ्याच जणांना त्यांचा गुण येतो. तीन. चष्म्याचा नंबर नीट काढून घ्यायचा. आरपी आहे, आता चष्मा काय करणार, असं म्हणून कितीतरी जण जुनाच चष्मा वापरत राहतात. चार. थोड्या लोकांत हा आजार शरीरातल्या दुसऱ्या बिघाडामुळं होतो, आणि तिथं आहार बदलून किंवा जीवनसत्त्व देऊन पुढचं नुकसान रोखता येतं. रेफ्सम नावाचा आजार त्यातला एक. असे प्रकार विरळा आहेत, पण म्हणूनच आजाराचं नेमकं नाव कळणं महत्त्वाचं.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या आरपीला चांगल्या, असं कुणीतरी सांगतं. त्या आपल्या मनानं कधीही घेऊ नका. मोठा डोस यकृताला त्रास देतो आणि गरोदरपणात पोटातल्या बाळाला अपाय करतो. पडद्याच्या काही वंशागत आजारांत तर हे जीवनसत्त्व जास्त झालं तर नुकसानच होतं. पालेभाजी खा, पपई खा, ती सगळ्यांनाच चांगली. पण गाजर खाऊन हा आजार जात नाही.

यानंतर आम्ही विचारलं, ‘मग टीव्हीवर सांगतात ते जनुकाचं औषध?’

ते खरं आहे. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आरपीई ६५ नावाचं एक जनुक आहे. डोळ्यात उजेड पडला की एक रसायन वापरलं जातं. ते पुन्हा ताजं करून पेशींना परत द्यायचं काम या जनुकामुळं होतं. जनुकात चूक असली की ते काम थांबतं. समईत तेल आहे, पण वातीपर्यंत पोचत नाही, तसं होतं. अशी मुलं अगदी लहानपणापासून अंधुक बघतात. अमेरिकेत जीन बेनेट आणि आल्बर्ट मॅग्वायर या नवराबायकोनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूत जनुकाची चांगली प्रत भरली आणि ती सुईनं पडद्याखाली सोडली. आधी जन्मापासून याच चुकीनं आंधळ्या असलेल्या कुत्र्यांवर प्रयोग झाला. त्यांना दिसू लागलं, ते २००१ साली प्रसिद्ध झालं. मग माणसांवर चाचण्या झाल्या.

चाचणी कशी घेतली बघा. जमिनीवर बाणांची वाट आखली, मध्ये अडथळे ठेवले आणि उजेड कमी कमी करत लोकांना चालायला लावलं. म्हणजे आपली मैत्रीण समाजमंदिरापर्यंत येऊ शकेल का, हेच तपासलं. एका वर्षानं, उपचार घेतलेल्या २० जणांपैकी १३ जण सर्वांत मंद उजेडातही ती वाट पार करू शकले. उपचार न घेतलेल्यांपैकी एकालाही ते जमलं नाही. १९ डिसेंबर २०१७ ला अमेरिकेच्या सरकारनं या औषधाला मान्यता दिली. त्याचं नाव लक्सटर्ना. पुढच्या वर्षी युरोपातही मान्यता मिळाली.

आता दुसरी बाजू. त्याची किंमत ठेवली दोन्ही डोळ्यांची मिळून ८ लाख ५० हजार डॉलर, तेव्हाच्या दरानं साडेपाच कोटींच्या आसपास. आणि ते फक्त आरपीई ६५ मधल्या चुकीलाच लागू पडतं. पडद्याचे वंशागत आजार करणारी जनुकं अडीचशेहून जास्त आहेत. कुलूप वेगळं असलं तर ही किल्ली फिरत नाही. शिवाय पडद्यात पुरेशा पेशी जिवंत असाव्या लागतात. म्हणून कुणीही ‘आमच्याकडं जनुकाचा उपचार आहे’ असं म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या जनुकाचा? आणि जनुक चाचणी न करता उपचार सांगत असेल, तर तिथून उठायचं.

दुसऱ्या जनुकांवरही काम चालू आहे. वेगळ्या वाटाही आहेत. २०२१ साली पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी एका ५८ वर्षांच्या माणसाबद्दल लिहिलं. त्याला आरपी होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. त्याच्या पडद्यातल्या उरलेल्या दुसऱ्या पेशींना उजेड कळावा म्हणून जनुक घातलं, आणि खास चष्मा लावून सराव करवला. टेबलावरच्या वस्तू त्याला शोधता आणि मोजता यायला लागल्या. चेहरे ओळखण्याएवढं दिसलं नाही. तरी चाळीस वर्षांनंतर तेवढं दिसणंसुद्धा मोठीच गोष्ट.

पण नव्या यंत्रांच्या बाबतीत एक सावधगिरीची गोष्टही आहे. डोळ्यात बसवायचा विजेवर चालणारा एक कृत्रिम पडदा होता, त्याला २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. साडेतीनशेच्या आसपास लोकांनी तो बसवून घेतला. पुढं कंपनीनं तो बनवणं थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात तो होता, त्यांना दुरुस्तीला कुणी राहिलं नाही. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हातपंप बसवून गेलेला माणूस वायसरला परत येत नाही, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून दुसरा प्रश्न, पुढं बिघडलं तर बघणार कोण?

आता तीन लाखांच्या इंजेक्शनबद्दल. डॉक्टरबाईंनी आम्हाला अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या तीन म्हाताऱ्या बायकांची हकीकत सांगितली. त्या ७२ ते ८८ वर्षांच्या. त्यांचा आजार वंशागत नव्हता, वयामुळं होणारा पडद्याचा आजार होता. पण मोह तोच. एका खासगी ठिकाणी त्यांनी प्रत्येकी ५ हजार डॉलर भरले. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून पेशी काढून दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. जी थोडी नजर होती, तीही बहुतेक गेली. २०१७ साली डॉक्टरांनी हे जगासमोर मांडलं.

आपल्या देशाचा नियमही स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही आजारांपुरता मान्य आहे. डोळ्याच्या पडद्यासाठी जे चालू आहे ते संशोधन आहे. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. खरी चाचणी देशाच्या नोंदवहीत नोंदलेली असते, तिचा क्रमांक मागता येतो. संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. म्हणून तिसरा प्रश्न, हा उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर पैसे कशाचे? उपचार असेल तर मान्यतेचा कागद दाखवा. आणि एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचतो म्हणणाऱ्याच्या दारात थांबूच नका.

आमच्या मैत्रिणीनं त्या दवाखान्याला फोन लावला आणि आमच्यासमोर हे प्रश्न विचारले. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘बाई, एवढं विचारायचं असेल तर तुम्हाला डोळे नकोत.’ तिनं फोन ठेवला. जमीन गहाण पडली नाही.

पण गटात आम्ही तिचा अर्ज नुसता फेटाळला नाही. ऐंशी हजारांच्या जागी वीस हजारांचं कर्ज दिलं, प्रवास, तपासण्या आणि जनुक चाचणीसाठी. चाचणी रक्ताची असते, अहवालाला काही आठवडे लागतात. अहवाल आला. आरपीई ६५ नव्हतं, दुसरंच जनुक होतं. म्हणजे लक्सटर्ना तिच्यासाठी नाही. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आता नाव तरी कळलं. उद्या या नावाचं औषध निघालं, तर माझा कागद तयार आहे.’ डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू सरकारी रुग्णालयात काढला. सूप घेऊन निवडायला बसली की आता खडा हाताला लागायच्या आधी डोळ्याला दिसतो, असं ती सांगते. दोन्ही मुलांचे डोळे तपासले, आज ते चांगले आहेत. तिच्याकडून मुलांना एकेक चुकीची प्रत गेलीच आहे. नवराही वाहक असेल, तर मुलांना आजाराची शक्यता उरते. त्याचा अहवाल अजून यायचा आहे. तोवर दरवर्षी तपासणी.

एक काम मात्र सगळ्यांनी लगेच करायचं, ते दिव्यांग प्रमाणपत्राचं. आमच्या मैत्रिणीला एका ठिकाणी सांगितलं गेलं, ‘तक्त्यावरच्या ओळी वाचतेस, तू कसली दिव्यांग?’ २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तसं म्हणत नाही. तक्त्यावरची नजर चांगली असली, तरी नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, असं कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणून घेर मोजण्याची तपासणी मागायची. तिला फील्ड टेस्ट म्हणतात. आम्ही तसा लेखी अर्ज दिला. तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि यूडीआयडी कार्डही आलं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीतलं राखीव प्रमाण, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना अशा वाटा उघडतात. उत्पन्नाची आणि इतर अट असते, ती तहसील कार्यालयात विचारून घ्या.

घरात काय करता येतं तेही सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. उंबरठ्याला, ओट्याच्या कडेला आणि पायऱ्यांना पांढऱ्या चुन्याचा पट्टा ओढा. भात गडद रंगाच्या ताटात वाढा, म्हणजे तो उठून दिसतो. घागर, खुर्ची, पाटा रोज एकाच जागी ठेवा. दार अर्धवट उघडं ठेवू नका, एक तर पूर्ण उघडा नाहीतर लावा. न्हाणीपर्यंत दोरी बांधा. चालताना मान हळूहळू डावीउजवीकडं फिरवायची सवय लागली की पाइपाचं तोंड फिरतं आणि जास्त दिसतं. उन्हात टोपी आणि गडद चष्मा. मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय असते, ती लहान मुलंही सुरू करून देतील. आणि पांढऱ्या काठीची लाज नको. ती हातात असली की समोरचा माणूस बाजूला होतो आणि कुणी वेंधळी म्हणत नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून ज्या घरात असा आजार आहे, त्यांनी नात्यातली सोयरीक करण्याआधी जनुक सल्लागाराला भेटावं. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद अशा मोठ्या नेत्रसंस्थांत जनुकांचं काम चालतं. तिथवर जायच्या आधी आपल्या जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. सल्लागार लग्न करा किंवा करू नका असं सांगत नाहीत. शक्यता किती आहे ते सांगतात, ठरवायचं आपण.

आणि आमची चूक? ती आम्ही वहीत दुरुस्त केली. बैठक आता दुपारी चार वाजता असते. त्या पाच तारखेला दंडाचे एकशे दहा रुपये तिच्या नावावर परत जमा केले. ‘दंड परत’ याच्यापुढं कारण काय लिहायचं, यावर बराच वेळ गेला. शेवटी सचिवताईंनी लिहिलं, ‘सभासदाला रात्री दिसत नव्हतं, गटाने विचारलं नाही.’ खाली बाराही जणींच्या सह्या आहेत. तिची सहीही आहे, ओळीच्या थोडी वर गेलेली.

तुमच्या गटात दिवेलागणीनंतर न येणारी कुणी असेल, तर या महिन्यात दंड लावायच्या आधी तिला विचारा. रात्री दिसतं का, पायऱ्या दिसतात का, घरात आणखी कुणाला असं होतं का. आणि हो म्हणाली, तर तपासायला जाताना तिच्याबरोबर जा.

आजचं बोलणं इथंच थांबवतो. भाकरी करपली नसेल अशी आशा आहे. नमस्कार.